आधी फूल, मग फळ : सिलातबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सिलातवर दीड पान लिहिलं होतं. सिलात म्हणजे मलय लोकांची जुनी लढायची कला. नवऱ्याच्या नोकरीपायी मलेशियात ११ वर्षं काढली तेव्हा केडाह राज्यातल्या एका गावात मी ती शिकले, तेवढीच माझी पुंजी, मी काही गुरुबिरू नाही. वाटलं होतं कोण वाचतंय, पण परवा ऑफिसात गेले तर संपादकांनी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच्या प्रिंट असा गठ्ठाच हातात ठेवला, वरून म्हणाले ताई आता तुम्हीच निस्तरा. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, बाकीचे जसे आले तसे ठेवलेत, आपली नागपुरी बोली धुऊन इस्त्री केली की तिची मजाच जाते.

नावाचं आधी सांगून टाकते. आपल्याकडं क्लासच्या बोर्डांवर 'पिंच्याक सिलॅट' असं काहीतरी लिहिलेलं असतं. मलेशियात नुसतं सिलात म्हणतात, इंडोनेशियात पन्चाक सिलात. मी सिलात लिहिते, जिभेला सोपं.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. दोन माणसं लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीसमोर ढोलावर हात हलवून राहिले, एकमेकांना बोट पण लावून नाही राहिले. हे तर नाचणं झालं न जी, मारामारी कुठं आहे? (एक वाचक, सक्करदरा)

भाऊ, तुम्ही पाहिलं ते सिलात पुलुत. पुलुत म्हणजे तिकडचा चिकट भात, खेळ झाल्यावर लग्नघरातून खेळणाऱ्यांना तो मिळायचा म्हणून हे नाव असं सांगतात. मलय लग्नात नवरा-नवरी एका दिवसाचे राजा-राणी असतात, अगदी हाच शब्द वापरतात ते, राजा सहारी, म्हणजे एका दिवसाचा राजा. मग राजा बसला म्हटल्यावर त्याच्यासमोर वीरांनी येऊन कला दाखवायची, मुजरा करायचा, हा सगळा दरबारी थाट. नवऱ्याच्या कमरेला क्रिस खोचलेला असतो, वळणावळणाच्या पात्याचा खंजीर. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, आपण तर त्याला थेट नवरदेव म्हणतो आणि हातात कट्यार देतो, तीही टोकाला लिंबू खोचून. वाद्यांमध्ये एक मोठा ढोल, एक धाकटा ढोल, गाँग आणि सेरुनाई, नाव ऐकूनच कळतं सनईची बहीण आहे म्हणून.

आता मारामारी कुठं आहे. ती त्या हलणाऱ्या हातातच आहे, दिसत नाही एवढंच. या नाचासारख्या हालचालींना तिकडं बुंगा म्हणतात, बुंगा म्हणजे फूल. आणि प्रत्यक्ष जो डाव लागतो त्याला म्हणतात बुआह, म्हणजे फळ. मी पहिले पाच महिने नुसती फुलंच करत होते आणि मनातून चिडत होते, म्हटलं आले होते स्वतःचं रक्षण शिकायला आणि हे मला लावणी शिकवून राहिले. आमच्या गुरुजींना सगळे चिकगु म्हणायचे, मलयमध्ये मास्तरांना तसंच म्हणतात, भातशेती करणारा किडकिडीत माणूस, साठी उलटलेली. एका संध्याकाळी म्हणाले, धर माझं मनगट. मी धरलं, चांगलं घट्ट धरलं. त्यांनी तळवा कळी उमलल्यासारखा उघडला आणि आत वळवला, मी हजार वेळा केलेली तीच हालचाल, फक्त जरा लवकर, आणि मी गुडघ्यावर, कोपर असं अडकलेलं की हूं की चूं करता येईना. मग हसून म्हणाले, इतके दिवस झाडाला पाणी घालत होतीस, हे त्याचंच आहे.

म्हणजे लग्नात लोक जे पाहतात ते फूल. ज्याला कळतं त्याला त्यातलं फळ दिसतं, ज्याला कळत नाही तो टाळ्या वाजवतो आणि भात खायला जातो, दोघंही खूश. जिथं दहा लोक बघतायत तिथं डाव उघडा करायचा नाही ही त्यातली मेख आहे. फक्त सगळं सिलात असं फुलाफुलांचं असतं असं समजू नका, एकट्या मलेशियातच १५० च्या वर शैली आहेत आणि आमच्या केडाहशी नातं सांगणारं सिलात चेकाक तर सरळ उभं राहून करतात, खाली बसणं नाही, फुलं नाहीत, समोरून आलेला हात तिथल्या तिथं हातानंच अडवायचा. चेकाकवाल्यांसमोर मी हे फुलाचं पुराण सांगितलं तर ते गालात हसतील.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे, तिला सिलात शिकायचं वेड लागलंय. पण ऐकलं की प्रवेश घेताना लिंबाच्या पाण्यानं अंघोळ, पांढरं कापड, शपथ असं काही असतं. आम्ही बौद्ध आहोत, घरात कुठलेच विधी करत नाही. हे धार्मिक आहे का? तिला टाकावं का? (एक आई, इंदोरा) – याच अर्थाची आणखी चार पत्रं आली, त्यात दोन 'हे मुसलमानांचं आहे का' अशी सरळ विचारणारी.

काकू, आधी इथलं सांगते. आपल्याकडं जे क्लास चालतात ते खेळाचे आहेत, चटई, ड्रेस, स्पर्धा, तिथं यातलं काही नसतं, निवांत टाका.

आता तिकडची परंपरा. जुन्या पद्धतीत गुरूकडं गेलं की रिकाम्या हातानं जायचं नाही, थोड्या वस्तू न्यायच्या, प्रत्येक घराण्याची यादी वेगळी, आमच्याकडं पांढरं कापड, लिंबं आणि पाकिटात थोडे पैसे. किती पैसे ते कोणी सांगत नाही आणि मोजतही नाही. आपण गुरुपौर्णिमेला नारळ आणि शाल नेतो त्यातलंच. मग शपथ. गुरूला दगा देणार नाही, आईबापांशी उद्धट वागणार नाही, सोबत शिकणाऱ्याला भाऊ-बहीण मानीन, शिकलेलं घेऊन भांडण उकरत फिरणार नाही. लिंबाचं पाणी शुद्धीसाठी, आमच्याकडं ते सुरुवातीला थोडं आणि शिक्षण पुरं झाल्यावर नीट अंघोळ. शिक्षण पुरं होण्याला ते खतम म्हणतात. आपल्याकडं खतम म्हटलं की माणूस घाबरतो, तिकडं त्याच शब्दावर मिठाई वाटतात.

धर्माचं म्हणाल तर मलय लोक मुसलमान आहेत, त्यामुळं मलेशियातल्या आखाड्यात सुरुवातीला दुवा होते. मी हात जोडून गप्प उभी राहायची, ११ वर्षांत कोणी मला तू का म्हणत नाहीस असं विचारलं नाही. पण त्याच्याही खालचा थर बघा. गुरू हा शब्द तर आपलाच. चांगुलपणाला ते बुदी म्हणतात, बुद्धीवरून. निष्ठेला सतिया, सत्यावरून. सेवेला बाक्ती. जमिनीला बुमी, माणसाला मनुसिया, उपासाला पुआसा. केडाहमध्येच बुजांग खोऱ्यात जुन्या हिंदू-बौद्ध देवळांचे चौथरे आहेत, आम्ही रविवारी डबे घेऊन जायचो. आणि बालीतले हिंदू लोक सिलात खेळतात, त्यांची १९५५ पासूनची एक मोठी संस्था आहे, नाव काय तर बाक्ती नगारा, देशभक्ती अशा अर्थाचं. नगारा म्हणजे देश, आपल्या 'नगर'वरून आलेला. नागपूरकरांनी यावर उगीच कॉलर टाईट करू नये, पण करायची असेल तर हरकत नाही.

इतकं सांगून मला म्हणायचं हे की त्या विधींना मी धर्म म्हणण्यापेक्षा अदब म्हणीन, तिकडंही अदाब हाच शब्द आहे. मैदानाला गलांगांग म्हणतात, तिथं चपला काढून जायचं, आत शिरताना वाकायचं, समोरच्याचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत हलकेच घ्यायचे आणि मग स्वतःचा हात छातीला लावायचा. सराव सुरू करताना हे, संपताना हे, कोणाला चुकून जोरात लागलं तर पुन्हा हे. सुरुवातीला मला ही नुसती कवायत वाटायची. पण आमच्यात एक पोरगा होता, दुकानदाराचा, भयंकर तापट, त्याला एकदा माझ्याच कोपराचा नाकावर फटका बसला, रक्त आलं, डोळे लाल झाले त्याचे, मला वाटलं आता हा मारतो, आणि त्याचे हात पुढं आले ते सलामासाठी, सवयीनं, डोक्याच्या आधी हात आले. छातीला हात लावेपर्यंत राग निम्मा उतरलेला. दोन सेकंदांचं काम असतं ते. शपथेत जे तोंडानं म्हटलेलं असतं ते अंगात मुरवायला रोज पन्नास वेळा हे करून घेतात. तुमच्या मुलीच्या क्लासमध्ये लाथ किती उंच जाते त्याआधी हे बघा, पोरं एकमेकांना नीट सलाम करतात की उरकतात.

प्रश्न : आमच्या जमान्यात आखाड्यात लाल माती होती, वस्ताद होते, लाठी होती, पट्टा होता. आता हे परदेशी खूळ कशाले पाहिजे? (एक आजोबा, वय ७८, महाल)

आजोबा, नमस्कार करते. तुमचं पत्र सगळ्यात लांब होतं आणि अर्धं माझ्यावर रागावलेलं होतं, तरी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय की मातीत उतरताना तुम्ही माती कपाळाला लावायचे, वस्तादांच्या पाया पडायचे आणि जोडीदाराच्या हाताला हात लावून मग भिडायचे. तर मी वर काकूंना जे पानभर सांगितलं ते तुम्ही एका ओळीत लिहिलंय. फरक आहे तो अंगाचा. कुस्तीत माणूस पकडून ठेवायचा, सिलातमध्ये तो तुमच्याकडं येत असतो तसाच येऊ द्यायचा आणि कडेला सरकून वाट दाखवायची. पश्चिम सुमात्रातले मिनांगकाबाऊ लोक तर इतकं खाली बसून, जवळजवळ जमिनीला टेकून खेळतात, वाघाच्या नावाची शैली आहे त्यांची. तिथली जुनी रीत अशी की पोरगा वयात आला की घरात झोपायचा नाही, गावच्या प्रार्थनाघरात झोपायचं, रात्री सिलात शिकायचं आणि मग परमुलखात कमवायला जायचं, कारण त्यांच्यात घरदार-शेती बायकांच्या नावावर. पोरगा बाहेर पडणारच, तर त्याला मार खाऊ नये एवढं आणि मार देत सुटू नये एवढं शिकवून पाठवायचं. त्यांची म्हण आहे : शत्रू शोधू नये, पण भेटलाच तर पाठ दाखवू नये. ही म्हण तुमच्या वस्तादांनी सांगितली असती तरी खपली असती.

खुळाचं म्हणाल तर आपल्या अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९१४ चं, त्यांची पोरं १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आली. तिथंही एखादा जर्मन आजोबा म्हणालाच असेल, हे परदेशी खूळ कशाला.

प्रश्न : तुम्ही लेखात हांग तुआहला आदर्श योद्धा म्हटलं. मी त्याची गोष्ट शोधून वाचली. त्याने राजाच्या सांगण्यावरून स्वतःच्या जिवलग मित्राला मारलं, आणि तो मित्र त्याच्याच साठी लढत होता. यात आदर्श काय आहे? (एक विद्यार्थिनी, धरमपेठ)

बेटा, तू माझी झोप उडवलीस. मलेशियात जाऊन हा प्रश्न विचार, रात्रभर लोक भांडतील, चहावर चहा होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मलाक्काच्या सुलतानाच्या पदरी पाच दोस्त होते, हांग तुआह, हांग जेबात, हांग कस्तुरी, हांग लकीर, हांग लकीऊ. कस्तुरी नाव बघितलंत ना. पंधराव्या शतकातला हा काळ मानतात. तुआहवर खोटा आळ येतो, सुलतान म्हणतो याला मारून टाका. प्रधान त्याला मारत नाही, गुपचूप लपवून ठेवतो. जेबातला वाटतं मित्र मेला. तो बंड करतो, राजवाडाच ताब्यात घेतो, कोणाच्यानं आवरेना. सुलतान हळहळतो, तुआह असता तर! तेव्हा प्रधान सांगतो की तो जिवंत आहे. तुआह येतो, आणि ज्यानं त्याच्या मरणाचा सूड घ्यायला सगळं पणाला लावलं त्याच मित्राला मारतो. तेही साधं नाही, तुआहचा तो प्रसिद्ध क्रिस, तामिंग सारी, तोवर जेबातच्या हातात गेलेला असतो, तो युक्तीनं काढून घेऊन मग. ही कथा सांगणारा 'हिकायत हांग तुआह' हा ग्रंथ युनेस्कोनं २००१ मध्ये जगाच्या ठेव्यात नोंदवला. गंमत म्हणजे दुसरा जुना ग्रंथ आहे, 'सजाराह मलायू', त्यात बंड करणारा जेबात नाहीच, कस्तुरी आहे. म्हणजे कोण मेला यावर पण एकमत नाही, पण तुआहनं मित्राला मारलं यावर आहे.

जुनी माणसं तुआहच्या बाजूची. त्यांच्याकडं दोन शब्द आहेत, सतिया म्हणजे निष्ठा आणि दरहाका म्हणजे द्रोह, आपल्याच द्रोहावरून. सतियाच्या वर काही नाही आणि दरहाकाच्या खाली काही नाही. १९५७ ला देश स्वतंत्र झाला, नवीन पिढीचे लेखक-नाटकवाले आले, त्यांनी डाव उलटवला, म्हणाले खरा वीर जेबात, अन्यायासमोर उभा राहिला तो. आणि त्यांच्या बाजूनं जुनी म्हण पण होती हाताशी : राजा न्यायी तर राजाला वंदन, राजा जुलमी तर राजाला विरोध. आपल्याकडं कर्ण बरोबर की विभीषण बरोबर हे भांडण कधी मिटलंय का, तसंच.

आमच्या गलांगांगमध्ये हा विषय निघाला की चिकगु तुआहच्या बाजूनं बोलायचे, ते जुन्या वळणाचे होते. पण एकदा पावसामुळं सराव झाला नाही, सगळे ओसरीवर बसलेलो, तेव्हा त्यांनी एक वेगळीच गोष्ट काढली, म्हणाले तुम्ही सगळे तुआह आणि जेबातवरच भांडता, प्रधानाबद्दल कोणी बोलत नाही. हुकूम मोडला तो त्यानं. पण तलवार न उपसता मोडला, एका माणसाला आपल्या वाडीत लपवलं आणि गप्प राहिला. सुलतानाचा राग उतरायची वाट बघत बसला. मला त्या दिवसापासून त्या गोष्टीत तोच आवडतो. तरीपण मी लेखात तुआहला आदर्श लिहिलं ते सवयीनं लिहिलं, तिकडं सगळे म्हणतात म्हणून, तुझी हरकत बरोबर आहे. 'प्रसिद्ध' लिहायला हवं होतं.

प्रश्न : मुलगा दोन वर्षं क्लासला जातो. दर तीन महिन्यांनी बेल्टची फी, सर्टिफिकेटची फी, 'नॅशनल'ची फी. सर म्हणतात सरकारी नोकरी पक्की. खरं आहे का? (एक वडील, मानेवाडा)

पक्की कोणतीच नसते. खरं इतकं आहे की २०२० मध्ये केंद्र सरकारनं खेळाडूंच्या कोट्यातून गट क च्या भरतीसाठी २० नवीन खेळ घेतले, त्यात पन्चाक सिलात आहे, आणि आपला मल्लखांब पण त्याच यादीत आला. २०२३ ला गोव्यात नॅशनल गेम्स झाल्या त्यातही हा खेळ होता. पण कोट्याला चालतं ते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतलं खेळणं, दर तीन महिन्यांच्या रंगीत बेल्टला तिथं कोणी विचारत नाही. राज्याचे नियम वेगळे असतात, तर सरांच्या तोंडावर न राहता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन लेखी अर्ज टाका, ही स्पर्धा धरता का म्हणून विचारा, उत्तर लेखी घ्या.

आणि मुलाला एकदा विचारा की तो नेमका काय खेळतो. स्पर्धेत नुसती फाईट नसते. फाईटला तांडिंग म्हणतात, त्यात ठोशाला १ गुण, लाथेला २ आणि समोरच्याला खाली पाडलं तर ३, तोंडावर मारायचं नाही. त्याशिवाय तुंगाल म्हणजे एकट्यानं, तीन मिनिटांत ठरलेल्या १०० हालचाली करायच्या, आधी रिकाम्या हातानं, मग कोयत्यासारखं शस्त्र, मग काठी. रेगू म्हणजे तिघांनी एकदम, तिघांचा हात एकाच वेळी उठला पाहिजे. गांडा म्हणजे दोघांची बसवलेली लढाई. दोन वर्षांत पोराला फक्त लाथा येत असतील तर पैसे लाथांचेच जातायत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत १६ पैकी १४ सुवर्णं एकट्या इंडोनेशियानं नेली, त्यांच्या पोरांचं तुंगाल एकदा त्याला दाखवा, घरबसल्या फुकट दिसतं.

प्रश्न : हे मलेशियाचं का इंडोनेशियाचं? मित्राशी शंभर रुपयांची पैज लागली आहे. (खामला चौक)

पैसे दोघांनी मिळून तर्री पोह्यावर उडवा. २०१९ च्या डिसेंबरात युनेस्कोनं एकाच बैठकीत दोन्ही नोंदवले, मलेशियाचं सिलात वेगळं, इंडोनेशियाच्या पन्चाक सिलातच्या परंपरा वेगळ्या. शहाणपणा केला. सिंगापूर, ब्रुनेई, दक्षिण थायलंड इथंही आहेच, आणि हे सगळे आता देश वेगळे आहेत, पूर्वी एकाच समुद्राचे किनारे होते.

प्रश्न : वय ४६, वजन विचारू नका. बाईमाणसानं या वयात सुरू केलं तर लोक हसतील का? (एक मैत्रीण, त्रिमूर्तीनगर)

मी ३९ ला सुरू केलं, लोक हसले, मग थांबले. तिकडं लढवय्या बाईला स्रीकांडी म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला महाभारतातला शिखंडी. आपण ते नाव ज्या तऱ्हेनं वापरतो ते तुला माहीत आहे, आणि जावामधल्या बाहुल्यांच्या खेळात तीच स्रीकांडी झाली, अर्जुनाची धनुर्धारी बायको, आणि आज मलेशियात एखाद्या पोरीनं मेडल आणलं की पेपरात तिला कौतुकानं स्रीकांडी लिहितात. मला हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला अर्धा तास ऐकवलं होतं.

गुडघ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारून घे, खाली बसायच्या चाली असतात. आणि पहिल्या दिवशी जीन्स घालून जाऊ नकोस, माझी फाटली होती.

प्रश्न : सिलातवाल्यांकडं मंत्र असतो, त्यानं अंगाला चाकू लागत नाही म्हणतात. (वाडी)

अशी समजूत जुनी आहे, तिला कबाल म्हणतात. लागतो. आमच्या चिकगुंच्या हातावर चार टाके होते, भाताच्या विळ्याचे.

प्रश्न : बालीला गेलो होतो, क्रिस विकत आणला, हॉलमध्ये लावलाय. बायको म्हणते खोटा आहे. कसं ओळखायचं? (मनीषनगर)

वहिनींचं बहुतेक बरोबर असेल, दुकानात टुरिस्टना मिळतात ते शोभेचेच. एक सोपी गोष्ट मोजून बघा : पात्याची वळणं. परंपरेनं ती विषम असतात, ३, ५, ७, ९ अशी. तुमच्याकडं ८ निघाली तर वहिनींना साडी घ्या. सरळ पात्याचेही क्रिस असतात, तो खोटा समजू नका. खऱ्यात लोखंडाच्या थरांची नक्षी पात्यातच उमटलेली असते, रंगवलेली नसते. इंडोनेशियाच्या क्रिसला युनेस्कोचा मान २००५ ला मिळाला, म्हणजे सिलातच्या बराच आधी, शस्त्र आधी आणि शस्त्र धरणारा हात १४ वर्षांनी, असं झालं ते. आणि तो लावलात कुठं, टीव्हीच्या वर? जरा बाजूला लावा. तिकडं क्रिस घरातल्या मोठ्या माणसासारखा ठेवतात, बापाकडून पोराकडं येतो, नुसता दुसऱ्याच्या हातात देतानाही टोक त्याच्याकडं करत नाहीत.

प्रश्न : तुम्ही लेखात लिहिलं होतं की 'भातासारखं वागावं', ते समजलं नाही. (तुमसरहून आमचा अंक मागवणारे एक वाचक)

अहो, तुम्ही भंडाऱ्याकडचे, तुम्हाला मी काय सांगू! मलय म्हण आहे : धानाची रीत धर, दाणा भरेल तसं वाक. सिलातवाल्यांच्या तोंडी सतत असते. केडाह म्हणजे मलेशियाचं धानाचं कोठार, आमच्या गलांगांगच्या तिन्ही बाजूंनी बांध होते, त्यामुळं चिकगुंना नुसतं बोट दाखवायला पुरायचं. एखाद्याला नवीन डाव जमला आणि तो छाती काढून चालायला लागला की ते काही बोलायचे नाहीत, शेताकडं बोट. पीक नसेल तेव्हा मात्र पंचाईत व्हायची, नुसत्या चिखलाकडं बोट दाखवायचे आणि आम्ही समजून घ्यायचो.

प्रश्न : मावशी, त्या लिंबाच्या अंघोळीनं डोळे झोंबतात का? आणि लिंबू आपलंच का? (इयत्ता चौथी, हनुमाननगर)

झोंबतात. खूप. लिंबू वेगळं असतं, लिमाउ पुरुत म्हणतात, सालीवर खडबडीत फोडं फोडं असतात आणि वास असा की दोन दिवस केसांतून जात नाही. मी डोळे मिटायला उशीर केला होता, चिकगुंची बायको बाजूला टॉवेल घेऊन उभीच होती, तिला माहीत होतं की सगळे उशीरच करतात.